आईबाबांना घेऊन बार्बाडोस: व्हिसा, बस, नीरफणस आणि केन्सिंग्टन ओव्हल

बार्बाडोसला आम्ही गेलो ते क्रिकेटमुळे, समुद्रामुळे नाही, हे आधीच सांगून टाकते. आईबाबा नाशिकहून आमच्याकडे न्यू जर्सीला आले होते, थंडी सुरू झाली तसं दोघांचंही बाहेर पडणं बंद झालं, दिवसभर खिडकीतून शेजाऱ्यांच्या गाड्या बघायच्या. फ्लोरिडाला जाऊ म्हटलं तर बाबा म्हणाले, "तिथं काय बघायचं? वेस्ट इंडिज इथून जवळ ना गं?" मी नकाशा उघडला, तर न्यूयॉर्कहून बार्बाडोसला थेट विमान, पाच तासांच्या आतबाहेर. मग म्हटलं चला.

ओळखीत ज्याला सांगितलं तो एकच बोलला, कॅरिबियन म्हणजे हनिमूनवाल्यांचं, म्हाताऱ्या माणसांना घेऊन काय करणार तिथं, आणि जायचंच असेल तर ऑल इन्क्लुझिव्ह रिसॉर्ट घे. मला वाटतं हे दोन्ही चूक आहे, निदान बार्बाडोसपुरतं तरी. रिसॉर्टात आमच्या आईने काय केलं असतं? सकाळी सॉसेज आणि अंडी बघून परत खोलीत. आम्ही दक्षिण किनाऱ्यावर वर्दिंगला स्वयंपाकघरवालं छोटं अपार्टमेंट घेतलं, गाडी भाड्याने घेतलीच नाही, आणि बहुतेक सगळं बसने फिरलो.

आधी कागदपत्रांचं, कारण सगळ्यात जास्त प्रश्न त्याचेच येतात. भारतीय पासपोर्टला बार्बाडोसचा व्हिसा लागत नाही, ९० दिवसांपर्यंत तसंच जाता येतं. परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता मात्र हाताशी ठेवा. जायच्या आधी इमिग्रेशन-कस्टम्सचा फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो, तो सरकारच्या साइटवरच भरा, फुकट आहे, गुगलवर त्याचे पैसे घेणाऱ्या साइट्सही वर येतात त्यांच्या नादी लागू नका. खरी कटकट बार्बाडोसची नाहीच, अमेरिकेत परत शिरायची आहे. आईबाबांचा बी-वन बी-टू, म्हणजे टुरिस्ट व्हिसा, दहा वर्षांचा, मल्टिपल एन्ट्रीचा, तरी काउंटरवर एअरलाइनवाल्यांनी नीट बघितला. आणि बऱ्याच लोकांना वाटतं की चार दिवस बाहेर जाऊन आलं की आय-९४ वर, म्हणजे अमेरिकेत कधीपर्यंत राहता येईल त्या नोंदीवर, नव्याने सहा महिने मिळतील, तर ते गृहीत धरून परतीची तिकिटं पुढे ढकलू नका, जवळच्या बेटांवर थोडे दिवस जाऊन आलं तर बहुतेक वेळा जुनीच तारीख चालू राहते. माझे आणि नवऱ्याचे एच-वनचे, म्हणजे नोकरीच्या व्हिसाचे, पासपोर्टवरचे स्टॅम्प चालू होते म्हणून निवांत होतो. ज्यांचा स्टॅम्प संपलाय त्यांनी हे वाचून ठेवा, कॅनडा-मेक्सिकोला ३० दिवसांच्या आत जाऊन येण्याची जी सवलत आहे ती एच-वनवाल्यांना कॅरिबियन बेटांसाठी नाही. एफ आणि जे व्हिसावाल्या विद्यार्थ्यांना आहे, तरी त्यांनीही कॉलेजच्या ऑफिसात विचारल्याशिवाय तिकीट काढू नये.

आईबाबांचा अमेरिकेतला मेडिकल इन्शुरन्स बार्बाडोसमध्ये चालतो का हे कंपनीला ईमेलवर विचारून लेखी उत्तर घ्या. फोनवर सगळेच हो म्हणतात.

आणि एक विचित्र नियम. तिथं मिलिटरीसारखे ठिपक्याठिपक्यांचे कॅमोफ्लाज कपडे घालायला बंदी आहे, लहान मुलांना सुद्धा, टोपी आणि बॅग सुद्धा त्यात आली. नवऱ्याची आवडती कार्गो पॅंट घरीच राहिली, मला आनंदच झाला.

आम्ही डिसेंबरच्या सुरुवातीला गेलो. जून ते नोव्हेंबर वादळांचा काळ, आणि ख्रिसमसपासून एप्रिलपर्यंत भाडी चढलेली, मधल्या या फटीत दर बरे मिळतात. बेट तसं बाकी बेटांच्या रांगेपासून पूर्वेला एकटंच बाजूला आहे त्यामुळे बरीच वादळं चुकतात, पण नेहमीच नाही, जुलै २०२४ मध्ये बेरिल दक्षिणेकडून नुसतं घासून गेलं तरी कोळ्यांच्या होड्यांची वाट लागली. वर्ल्ड कप जिंकलेली आपली टीम याच वादळामुळे राजधानी ब्रिजटाउनमध्ये अडकली होती, आठवत असेल.

विमानतळावर व्हीलचेअर आधी सांगून ठेवली होती, त्यामुळे रांग वेगळी आणि पटकन. इमिग्रेशनच्या बाईंनी बाबांना विचारलं कशासाठी आलात, बाबा म्हणाले "क्रिकेट." त्या म्हणाल्या, सध्या तर मॅच नाहीये. बाबा म्हणाले, "नो मॅच, ओन्ली ग्राउंड." बाई खो-खो हसल्या आणि शिक्का मारला.

पैशाचं सोपं आहे. दोन बार्बाडोस डॉलर म्हणजे एक अमेरिकन डॉलर, १९७५ पासून हाच भाव बांधलेला आहे. अमेरिकन नोटा सगळीकडे घेतात पण सुटे परत देतात ते त्यांचे. किंमत सांगितली की "कुठला डॉलर?" हे विचारायची सवय लावून घ्या. टॅक्सीला मीटर नाही, बसायच्या आधी आकडा ठरवायचा. आणि महाग आहे हो, जवळपास सगळं बोटीने येतं, टोमॅटोचा भाव बघून आईने टोमॅटो परत ठेवून दिले. नळाचं पाणी मात्र बिनधास्त प्या. बेटाचा बराचसा भाग प्रवाळाच्या चुनखडीचा आहे, पावसाचं पाणी त्यातून गाळून खाली साठतं आणि तेच नळाला येतं. बाटल्या विकत घेण्यात काही अर्थ नाही.

आता बस, कारण माझ्या मते बार्बाडोस बघायचं असेल तर बसमधूनच. तीन प्रकार आहेत. निळ्यावर पिवळा पट्टा ती सरकारी, पिवळ्यावर निळा पट्टा ती खाजगी मिनीबस, आणि पांढऱ्यावर मरून पट्टा ती झेडआर, म्हणजे नंबरप्लेटच झेडआरने सुरू होणारी व्हॅन. भाडं तिन्हीला सारखं, साडेतीन बार्बाडोस डॉलर, कुठेही बसा कुठेही उतरा. सरकारी बसमध्ये सुटे परत मिळत नाहीत, बरोबर तेवढेच टाकायचे. स्टॉपवर लिहिलेलं असतं 'टू सिटी' किंवा 'आउट ऑफ सिटी', सिटी म्हणजे ब्रिजटाउन, बस्स एवढं कळलं की अर्ध बेट कळलं. आमच्या रस्त्यावरून ११ नंबरची झेडआर सारखी जायची, हात केला की थांबायची, पहिल्यांदा आत डोकावून आई म्हणाली जागा कुठे आहे, तर कंडक्टर म्हणाला आहे आहे, आणि खरंच निघाली, आपल्याकडच्या काळीपिवळी जीपसारखं, एका सीटवर तीन आहेत तिथं चौथा, वरून गाण्यांचा आवाज असा की छाती हलते. बाबांना ती भयंकर आवडली. आईने दोन फेऱ्या सहन केल्या आणि मग सांगितलं की मी फक्त निळ्या बशीत बसणार.

बसमध्ये चढलं की आधी गुड मॉर्निंग म्हणायचं. सगळ्या बसला. आणि सगळी बस उत्तर देते. दुकानातही तसंच, आत शिरून थेट "हे कितीला?" विचारलं की समोरची बाई जरा थंडपणेच उत्तर देते, आधी गुड मॉर्निंग म्हटलं की तीच बाई रस्त्यापर्यंत येऊन स्टॉप दाखवते. आईला इंग्रजी फार येत नाही पण हे एक वाक्य तिने असं पकडलं की दुसऱ्या दिवसापासून स्टॉपवरच्या आज्या तिच्याशी बोलायला लागल्या, काय बोलायच्या देव जाणे, दोघीही आपापल्या भाषेत.

खाण्यावर जरा थांबते, कारण आई शाकाहारी आणि ही सगळ्यांचीच काळजी असते. तिथलं राष्ट्रीय जेवण म्हणजे कू-कू आणि फ्लाइंग फिश. कू-कू म्हणजे मक्याचं पीठ आणि भेंडी घालून घोटलेला घट्ट गोळा, मासा आणि त्याची ग्रेव्ही बाजूला ठेवायला सांगितली तर नुसता खाता येतो, आईने खाल्ला, "बुळबुळीत आहे पण पोटाला हलका" असा शेरा. मॅकरोनी पाय, म्हणजे चीज घालून भाजलेली मॅकरोनी, सगळीकडे मिळतो. भात आणि तुरीसारखे दाणे घालून केलेलं पीज अँड राइस दिसायला अगदी साधं शाकाहारी, पण त्यात बरेचदा खारवलेलं मांस टाकतात, त्यामुळे विचारल्याशिवाय घेऊ नका. शेफेट नावाची तिथली स्वतःची फास्टफूड साखळी आहे, तिथं रोटी मिळते, म्हणजे मसाल्याची भाजी पोळीत गुंडाळून, बटाट्याची पण असते. ही रोटी त्रिनिदाद-गयानाकडून आलेली, बार्बाडोसमध्ये आपले गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले मजूर आलेच नव्हते. इथले भारतीय म्हणजे मुख्यतः सुरतकडचे गुजराती आणि काही सिंधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून कापड विकत विकत आलेले. ब्रिजटाउनच्या स्वान स्ट्रीटवर एका दुकानात काकांनी आईशी थेट गुजरातीच सुरू केलं. ती मराठीत बोलली. चाललं.

शनिवारी सकाळी ब्रिजटाउनच्या चीपसाइड मार्केटला जाच. आम्ही गेलो तर आई पहिल्या पाच मिनिटांत हरवली. भेंडी, लाल भोपळा, रताळी, अळकुड्या (तिकडे एडो म्हणतात), चिंचेचे साखरेत घोळवलेले गोळे, आपल्या अंबाड्याच्या जातीतलं गोल्डन अ‍ॅपल, आणि एका कोपऱ्यात नीरफणसाचा (ब्रेडफ्रूटचा) ढीग. आईचं माहेर रत्नागिरीचं. नाशिकला तिला कधी धड नीरफणस मिळत नाही, आणि इथं अर्ध्या पृथ्वीपलीकडे तो ढिगाने. विकणाऱ्या बाई एकेक उचलून दाखवत होत्या, सालीवर चिकाचे पांढरे थेंब सुकून बसलेले असले की तयार झाला म्हणून घ्या, आई मान डोलवत होती कारण तिच्या आईनेही तिला तेच सांगितलेलं. घरी येऊन तिने सुरीला आणि हाताला तेल लावलं, पातळ काप केले, हळद-तिखट-मीठ चोळलं, तांदळाचं पीठ मिळालं नाही तर तिथलं मक्याचं पीठ लावलं आणि तव्यावर परतले. बाल्कनीतून वास गेला असावा, खालच्या मजल्यावरच्या मालकीणबाई वर आल्या, खाऊन म्हणाल्या आम्ही हा आख्खा विस्तवावर भाजतो किंवा उकडून लोणच्यासारखा आंबट करतो, असा कधी खाल्ला नव्हता. मग दोघी ताटली घेऊन खाली गेल्या.

हे झाड मुळात कॅरिबियनचं नाहीच. पॅसिफिकमधल्या ताहितीहून कॅप्टन ब्लायने १७९३ मध्ये रोपं आणली, ती सेंट व्हिन्सेंट आणि जमैकाला उतरवली आणि तिथून बेटाबेटांवर पसरलं. कशासाठी, तर मळ्यातल्या गुलामांना स्वस्तात पोसायला. सुरुवातीला त्या लोकांनी खायला नकार दिला म्हणतात, आणि आता अंगणात नीरफणस नाही असं घर शोधावं लागतं.

या बेटावर कुठलाही धागा ओढला की शेवटी ऊस आणि गुलामी निघते. १६४० च्या दशकात ऊस आला आणि सगळं बेट मळे झालं. उत्तरेला सेंट निकोलस अ‍ॅबी नावाची सतराव्या शतकातली हवेली आहे, नाव अ‍ॅबी पण मठ वगैरे काही नाही, उसाच्या मळेवाल्याचा वाडा. छान ठेवलाय, रम चाखायला देतात, पण तिथल्या कागदपत्रांत गुलाम माणसांची यादी किमतीसकट आहे, ती वाचून आई बाहेर झाडाखाली जाऊन बसली. बुसा नावाच्या गुलामाच्या नेतृत्वाखाली १८१६ मध्ये इथं गुलामांचा उठाव झाला, साखळ्या तोडलेल्या हातांचा मोठा पुतळा हमरस्त्यावरच्या चौकात आहे आणि लोक त्याला बुसाच म्हणतात. ब्रिजटाउनच्या मुख्य चौकातला ब्रिटिश आरमारातल्या नेल्सनचा पुतळा २०२० मध्ये काढला, आणि ३० नोव्हेंबर २०२१ ला ब्रिटनच्या राणीला राष्ट्रप्रमुखपदावरून काढून देश प्रजासत्ताक झाला. झेडआरच्या ड्रायव्हरला बाबांनी विचारलं राणी गेल्यावर काय बदललं, तो म्हणाला पेट्रोलचा भाव तरी नाही.

आता ओव्हल. केन्सिंग्टन ओव्हल, म्हणजे ब्रिजटाउनचं क्रिकेटचं मैदान, शहराच्या मध्यापासून चालत जाण्यासारखं आहे, फक्त उन्हाच्या आधी निघा. बाहेर वेस्ट इंडिजचा जुना ऑलराउंडर सोबर्सचा पुतळा, तिथं बाबांचे फोटो किती काढले ते विचारू नका. आत सोडतात की नाही ते त्या दिवशी काय चाललंय त्यावर आहे, आधी फोन करून विचारून जा. आम्हाला एका माणसाने आत नेलं. २००७ च्या वर्ल्ड कपसाठी जवळजवळ सगळं स्टेडियम नवं बांधलं, त्यामुळे बाबांच्या डोक्यातलं रेडिओवरचं ओव्हल आता उरलेलं नाही, तरी एका टोकाला माल्कम मार्शल एंड, दुसऱ्याला जोएल गार्नर एंड, आणि हॉल-ग्रिफिथ स्टँड.

ग्रिफिथचं नाव वाचून बाबा गप्प झाले. मार्च १९६२ मध्ये इथंच बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा बॉल आपला कॅप्टन नरी कॉन्ट्रॅक्टरच्या डोक्याला लागला, कवटी फुटली, तेव्हा रक्त द्यायला आपल्या टीममधून चंदू बोर्डे, पॉली उम्रीगर आणि बापू नाडकर्णी पुढे आले, आणि वेस्ट इंडिजचा कॅप्टन फ्रँक वॉरेल. नाडकर्णी आमच्या नाशिकचे, म्हणून ही गोष्ट आमच्या घरात मी लहानपणापासून ऐकलीय. बाबांनी ती त्या माणसाला इंग्रजीत सांगायला सुरुवात केली तर त्याने मधेच थांबवून पुढची स्वतः सांगितली. मग विषय १९९७ च्या इथल्या टेस्टवर गेला, १२० करायचे होते आणि आपण ८१ मध्ये गुंडाळलो, सचिन कॅप्टन, ते दुःख बाबा अजून काढतात आणि तो माणूसही ते अगदी आनंदाने काढत होता. शेवटी २०२४ च्या वर्ल्ड कपची फायनल. आपले १७६, दक्षिण आफ्रिकेचे १६९, शेवटच्या ओव्हरला मिलरचा सूर्याने पकडलेला कॅच. त्या माणसाने बोटाने जागा दाखवली. बाबा सीमारेषेच्या बाहेर जाऊन उभे राहिले, दोरीच्या जागेचा अंदाज घेतला, एक पाऊल आत, एक पाऊल बाहेर, परत आत, गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस. आई स्टँडमधून ओरडत होती, "अहो, पुरे!" रोहितने तोंडात घातलेलं गवत पण बघायचं होतं, पण पिचवर जाऊ देत नाहीत.

वेळ असेल तर केव्ह हिलला युनिव्हर्सिटीच्या आवारात थ्री डब्ल्यूज ओव्हल आहे, वॉरेल, वॉलकॉट आणि वीक्स या तिघांच्या कबरी तिथंच, मैदानाच्या कडेला. फार कोणी जात नाही.

समुद्राचं थोडक्यात. पश्चिमेचा शांत आणि उथळ, दक्षिणेचा मधला, पूर्वेचा अटलांटिक, तिथं पोहायचं नाही म्हणजे नाहीच. फेअरचाइल्ड स्ट्रीटच्या स्टँडवरून बाथशेबाची बस घ्या, उसाच्या शेतांतून डोंगर उतरत जाते, खाली वाळूत घरांएवढे खडक आणि लाटा. बघायचं, नारळपाणी प्यायचं, परत यायचं. डुंबायला आईबाबांना आम्ही ब्रिजटाउनजवळच्या कार्लाइल बेला नेलं, गुडघाभर पाण्यात आई सलवार वर करून तासभर उभी. कासवं दाखवणाऱ्या बोटी तिथूनच निघतात, पण आम्ही घेतलेल्या बोटीवाल्याने मासे टाकून कासवं जवळ बोलावली ते मला आवडलं नाही. घेणार असाल तर आधी विचारा की खायला घालता का. किनारे सगळे सार्वजनिक आहेत, भपकेदार हॉटेलापुढची वाळू सुद्धा. उन्हाळ्यात दक्षिण-पूर्व किनाऱ्यावर सारगॅसम नावाचं शेवाळ ढिगांनी येतं आणि कुजून वास मारतं, तेव्हा जाणाऱ्यांनी पश्चिमेला राहावं.

किनाऱ्यावरच्या एका झाडाबद्दल मात्र सांगायलाच हवं. मँचिनील. छान गर्द सावली, छोट्या हिरव्या सफरचंदासारखी फळं खाली पडलेली, आणि सगळं झाड विषारी, चीक लागला की फोड येतात, पावसात त्याच्याखाली उभं राहिलं तर पानांवरून गळणाऱ्या पाण्याने पण. बऱ्याच झाडांना खोडावर लाल पट्टा किंवा खूण असते, पण प्रत्येकाला असेलच असं नाही. फळ वासाला गोड असतं, लहान मुलं बरोबर असतील तर हे पहिल्या दिवशी सांगा.

शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सला मासे भाजतात, मोठी जत्रा असते. मेनूवर 'डॉल्फिन' दिसेल, तो माही-माही मासा, घाबरू नका. आई कणीस आणि मॅकरोनी पायवर राहिली. एका बाजूला टुरिस्ट लोकांचा धिंगाणा आणि दुसऱ्या बाजूला तिथले वयस्कर जोडीजोडीने जुन्या गाण्यांवर नाचतात, टेबलावर डॉमिनो आपटतात. त्या बाजूला बसा. हॅरिसन्स केव्ह पण म्हाताऱ्या माणसांना सोयीचं, गुहेत ट्रामने नेतात, चालावं लागत नाही, तिकीट मात्र महाग.

परतताना फळं आणू नका, अमेरिकेत कस्टम्सवाले काढून घेतात, चिंचेचे गोळे पॅकबंद असतील तर फॉर्मवर दाखवून आणले, चालले. भारतातून थेट जाणाऱ्यांसाठी, सोपा रस्ता लंडनवरून, पण नुसतं विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टला ब्रिटनचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. पासपोर्टवर चालू अमेरिकन व्हिसा असेल तर बहुधा सुटका होते. आणि लंडनला एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून चढायचं असेल तर तो प्रकार वेगळा, त्यासाठी बाहेर पडावं लागतं, म्हणून तिकीट स्वस्त दिसलं तरी दोन्ही विमानं एकाच एअरपोर्टची आहेत ना ते बघूनच पैसे भरा.